घाबरलेली टायपिस्ट आणि अकरा चिठ्ठ्या

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या माडीवर महिन्यातून एकदा काही माणसं जमतात. कोर्टाच्या गोष्टी बघायच्या, मधे थांबवून त्यांवर बोलायचं, एवढाच कार्यक्रम. मी वकील आहे. माझी बरीचशी वकिली सुरसागराजवळच्या न्यायमंदिरात झाली. २०१८ मध्ये कोर्टं दिवाळीपुऱ्याला गेली, तेव्हापासून तिकडे. जमणाऱ्यांत सनद असलेली मी एकटीच. बाकी एक निवृत्त शिक्षिका, ज्यांना सगळेच मावशी म्हणतात. न्यायमंदिरात शिरस्तेदार होऊन निवृत्त झालेले काका, वय ८४. बँकेतले दोघं, औषधाच्या दुकानाचा एक मालक, लॉच्या दुसऱ्या वर्षाला असलेला माझा भाचा आणि त्याचे मित्र. त्या रविवारी आम्ही अकराजण होतो.

रात्री साडेनऊला काका सेव-उसळीला हात न लावता जिना उतरून गेले आणि भाचा गच्चीत जाऊन बसला. कारण होतं १९५८ सालच्या एका अमेरिकन मालिकेतला पन्नासेक मिनिटांचा एक भाग. हे प्रकरण मी सविस्तर लिहून ठेवते आहे, कारण त्या रात्री मला जे नीट सांगता आलं नाही ते सांगायला मला दोन महिने लागले.

मालिका ‘पेरी मेसन’. सीबीएस या अमेरिकन वाहिनीवर २१ सप्टेंबर १९५७ ला सुरू झाली, २२ मे १९६६ ला संपली. नऊ हंगाम, २७१ भाग. मेसनचं काम रेमंड बर यांनी केलं. मूळ कादंबऱ्या अर्ल स्टॅन्ली गार्डनर यांच्या, आणि गार्डनर स्वतः कॅलिफोर्नियात वकिली केलेले. सगळ्या भागांचा साचा ठरलेला. कुणीतरी संकटात सापडतं, खून होतो, मेसनच्या अशिलावर आळ येतो, सरकारी वकील बर्गर पुराव्याची भिंत उभी करतो, आणि उलटतपासात मेसन कुणाला तरी असा कोंडीत पकडतो की खरा गुन्हेगार भर कोर्टात कबूल होतो. पुष्कळ वेळा तर साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून नाही, मागच्या बाकावरून उठून.

एक गोष्ट बहुतेक प्रेक्षकांच्या लक्षात येत नाही. यातल्या बऱ्याचशा भागांत जूरी नसतेच. ते खटले नसून प्राथमिक चौकशा असतात: आरोपीला मुख्य खटल्यासाठी पाठवण्याइतका पुरावा आहे का, एवढंच न्यायाधीश बघतात. काकांनी हे लगेच ओळखलं. “अरे, ही तर आपली कमिटल,” ते म्हणाले. १९७३ चा फौजदारी संहितेचा कायदा येण्याआधी खुनाचं प्रकरण सेशन्सला जाण्यापूर्वी मॅजिस्ट्रेटपुढे अशी चौकशी चालायची. तरुणपणी त्यांनी तिचे रोजनामे लिहिले होते. निर्मात्यांनाही हे सोयीचं होतं. बारा माणसं बसवून त्यांना मेहनताना द्यायला नको.

त्या रविवारचा भाग होता ‘द केस ऑफ द टेरिफाइड टायपिस्ट’. २१ जून १९५८, पहिल्या हंगामाचा शेवट जवळ आलेला. याच नावाची गार्डनर यांची कादंबरी १९५६ ची. मेसनच्या ऑफिसात तात्पुरती टायपिस्ट यायची असते. एक मुलगी येते, घाबरलेली दिसते, तीच ती असं समजून तिला कामाला बसवतात. ती विलक्षण वेगानं, एक चूक न करता टंकते. आणि नाहीशी होते. त्याच मजल्यावर हिऱ्यांच्या आयातीची एक कंपनी असते आणि पोलीस तिथे शिरलेल्या कुणा मुलीला शोधत असतात. कादंबरीत तर तिच्या टेबलाखाली च्युइंग गमच्या गोळ्यांत दडवलेले हिरे सापडतात. पुढे त्या कंपनीच्या ड्युएन जेफरसन नावाच्या माणसावर खुनाचा खटला उभा राहतो आणि मेसन त्याचा बचाव करतो.

आणि इथे जूरी आहे. ती बाकांवर बसलेली दिसली तेव्हाच मी ताठ होऊन बसायला हवं होतं.

आमच्याकडे एक रीत आहे. निकालाच्या आधी मी पडदा थांबवते, कागदाचे तुकडे वाटते, आणि प्रत्येकानं दोन ओळी लिहायच्या: निकाल काय लागेल, आणि कशावरून. त्या रात्री अकरापैकी नऊ चिठ्ठ्यांवर ‘सुटेल’ होतं. कशावरून, तर बहुतेकांनी पुराव्यातलं काहीच लिहिलं नव्हतं. ‘मेसन आहे म्हणून.’ एक चिठ्ठी कोरी. मावशींच्या चिठ्ठीवर मात्र होतं: ‘दोषी. हा माणूस आपल्या वकिलाशीसुद्धा मोकळं बोलत नाही.’

पडदा पुढे सरकला. जूरीनं सांगितलं, दोषी.

माडीवर असं काही शांत झालं की खालच्या रस्त्यावरच्या रिक्षा ऐकू यायला लागल्या. भाच्यानं टाळी वाजवली. मेसन हरला! इतके भाग जिंकत आलेला माणूस हरू शकतो हे दाखवायला केवढं धैर्य लागतं, असं तो म्हणत होता, तोवर पुढची दोन मिनिटं आली. उघड झालं की आरोपी ड्युएन जेफरसन नव्हताच. तो तोतया होता. त्यामुळे मेसनचा हरलेला खटला हरलेला राहिला नाही.

काका उठून उभे राहिले. “निकाल लागल्यावर बाहेरचा कागद आणला,” ते म्हणाले. “आमच्या कोर्टात असा कागद घेऊन कुणी आला असता, तर मी त्याला नंबरसुद्धा दिला नसता.” भाच्याचं म्हणणं, सत्य बाहेर येणं महत्त्वाचं, कधी आलं ते नाही. काका म्हणाले, कधी आलं त्यालाच कोर्ट म्हणतात. दोघांचा आवाज चढला. मी यजमान आणि वकील दोन्ही, आणि मी दोघांनाही थोडं थोडं बरोबर आहे म्हणाले. तेच चुकलं.

दुसऱ्या दिवशी दिवाळीपुऱ्याला एका पुकाऱ्याची वाट बघत असताना मी डायरीत दोन रकाने आखले. एकात, निकालाआधी आमच्यासमोर काय काय आलं होतं. दुसऱ्यात, निकालानंतर काय आलं. डावा रकाना भरगच्च झाला: टायपिस्ट, हिरे, कंपनी, मेलेला माणूस, साक्षी, सगळ्या उलटतपासण्या. उजव्यात एकच ओळ. आणि त्या एका ओळीनं डावा रकाना सगळाच्या सगळा रद्द केला होता. जे आम्ही पन्नास मिनिटं जिवाच्या आकांतानं तोलत होतो, त्यातलं काहीच वजनात धरलं गेलं नव्हतं.

निराशा हरण्याची नव्हती. नऊ चिठ्ठ्या चुकल्या याचीही नव्हती. चुकायला लोकांना आवडतं, रहस्यकथेत तर त्यासाठीच बसतात. निकाल अशा मुद्द्यावर फिरला जो कोर्टापुढे कधी आलाच नव्हता, आणि म्हणून आमच्यापुढेही आला नव्हता. काकांच्या भाषेत, रेकॉर्डवर नव्हता. आणि जिच्या नावानं गोष्ट सुरू झाली, ती टायपिस्ट? खटल्याशी तिचा दुवा लागतो खरा, पण शेवट तिच्यावर ठरत नाही. टेबलापाशी बसलेली घाबरी मुलगी हे त्या भागातलं सगळ्यात जिवंत चित्र, आणि गोष्टीनं तिला वाटेत सोडून दिलं.

मावशींच्या चिठ्ठीनं मला अडवलं, हे कबूल करायला हवं. त्यांना वास आला होता. अशील गप्प आहे, काहीतरी लपवतो आहे, हे पडद्यावर होतं. मग मुद्दा रेकॉर्डवर नव्हता असं कसं म्हणायचं? मी त्यांना फोन केला. त्या म्हणाल्या, “अगं, तो खोटं बोलतोय इतकं कळलं मला. तो दुसराच कुणी आहे हे कुठून कळणार ने?” (बडोद्याची आमची मराठी, गुजरातीतला तो ‘ने’ आमच्या तोंडून जायचा नाही.) हाच फरक. संशय घ्यायला जागा होती. संशय तपासून बघायला काही नव्हतं: एखादं जुळत नसलेलं अक्षर नाही, जुनं ओळखणारं कुणी नाही, चुकून निसटलेला एक शब्द नाही. संशय आणि पुरावा यांच्यातलं अंतर पार करायला प्रेक्षकाला एक तरी पायरी द्यावी लागते.

तोतयाची गोष्ट मराठी माणसाला नवी थोडीच आहे? १७६१ मध्ये पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, आणि काही वर्षांनी ‘मीच भाऊ’ म्हणणारा एकजण उभा राहिला. त्याचं बंड पेशवाईला पुरून उरेल की काय अशी वेळ आली, आणि १७७६ मध्ये त्याला देहान्त शासन झालं. ती हकिकत दोनशे वर्षं आपल्याला धरून ठेवते, कारण तिच्यात पहिल्या ओळीपासून प्रश्न एकच आहे: हा तो आहे का? ज्यांनी भाऊंना पाहिलं होतं त्यांना विचारलं जातं, खुणा पडताळल्या जातात, कुणी ओळखतो, कुणी नाकारतो. तोतया हा तिथे खटल्याचा विषय आहे. मेसनच्या या भागात खटल्याचा विषय होता खून, आणि तोतया आला खिडकीतून.

कायद्याच्या अंगानंही मला तो शेवट लंगडा वाटतो. हे माझं मत, आपल्या कायद्यावर बेतलेलं. कॅलिफोर्नियाचा कायदा मी शिकवत नाही. आपल्याकडे पिंजऱ्यात उभा असलेला माणूस दोषी ठरतो, त्याचं नाव नाही. नाव चुकलं तर ‘उर्फ’ लिहून दुरुस्त होतं. १९७३ च्या जुन्या संहितेचं (ती २०२४ मध्ये बदलली) २१५ वं कलम बघा: दोषारोपातली चूक आरोपीची खरोखर दिशाभूल करत नसेल, तर ती महत्त्वाची नाही. त्याखालचं एक उदाहरण लॉच्या प्रत्येक विद्यार्थ्याला आठवत असेल. ‘क’वर २१ जानेवारी १८८२ रोजी खुदाबक्षचा खून केल्याचा आरोप आहे, प्रत्यक्षात मेलेला हैदरबक्ष होता आणि तारीख २० होती, पण ‘क’वर दुसऱ्या कुठल्या खुनाचा आरोप कधीच नव्हता आणि चौकशी सगळी हैदरबक्षचीच त्यानं ऐकली होती. मग चूक गौण. तिथे चूक मेलेल्याच्या नावाची आहे, आरोपीच्या नाही, हे मान्य. पण तत्त्व हेच की नावावरून खटला पडत नाही. स्वतःचं नाव खोटं सांगणाऱ्याची दिशाभूल झाली, असं तर कुणीच म्हणणार नाही.

आणि मेसनच्या नेहमीच्या शेवटाचं, त्या भर कोर्टातल्या कबुलीचं, आपल्याकडे काय होईल? भाचा कायम हे विचारतो. साक्षीदाराला आपल्याकडे उत्तर टाळता येत नाही, उत्तर त्याच्याच गळ्यात येणारं असलं तरी. पण पुरावा कायद्याच्या १३२ व्या कलमाचं परंतुक, आता साक्ष अधिनियमाचं १३७ वं, त्याला संरक्षण देतं: असं द्यायला भाग पाडलेलं उत्तर त्याच्याचविरुद्ध फौजदारी खटल्यात वापरता येत नाही, खोटी साक्ष दिल्याचा खटला सोडून. म्हणजे त्या कबुलीनं मेसनचा अशील संशयाचा फायदा घेऊन घरी जाईल, आणि कबूल झालेल्याविरुद्ध इतर पुरावा गोळा करावा लागेल. पुराव्यातून दुसऱ्याच कुणाचा हात दिसला तर त्याला आरोपी म्हणून बोलवायची मुभा कोर्टाला आहे, जुनं कलम ३१९. पण ते काम पुढच्या तारखेपासून सुरू होतं, आणि पुढची तारीख काय असते ते दिवाळीपुऱ्याच्या बाकांवर बसलेल्यांना विचारा.

हे सगळं मी काकांना सांगायला गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तुला एवढं लांब जायची गरज नव्हती. हे आपल्या गावात होऊन गेलंय.”

ते बडोद्याचे राजे मल्हारराव गायकवाड यांच्याबद्दल बोलत होते. मला ती तुलना आधी आवडली नाही. टीव्हीवरचा पन्नास मिनिटांचा खेळ कुठे आणि एका राज्याचा इतिहास कुठे. पण मी पुन्हा वाचायला बसले आणि काकांचा राग मला कळला.

९ नोव्हेंबर १८७४. बडोद्यातले ब्रिटिश रेसिडेंट कर्नल फेअर फिरून रेसिडेन्सीत येतात, रोजच्या पपनशीच्या सरबताचे दोन-तीन घोट घेतात, चव विचित्र लागते, उरलेलं बाहेर ओतून देतात, आणि ग्लासाच्या तळाशी गाळ बघतात. रेसिडेन्सीचे डॉक्टर सीवर्ड तो ग्लास घेऊन जातात. सोमल, म्हणजे आर्सेनिक, निघतो, आणि चकाकणारे कण, म्हणजे हिऱ्याची पूड. (हिरे इथेही. भाचा हे ऐकून पहिल्यांदा हसला.) आळ थेट गायकवाड महाराजांवर. २३ फेब्रुवारी १८७५ पासून बडोद्यात आयोग बसतो: अध्यक्ष बंगालचे मुख्य न्यायाधीश सर रिचर्ड काउच, त्यांच्यासोबत इंग्रज अधिकारी मीड आणि मेलव्हिल, आणि या बाजूला ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंग, आणि सर दिनकरराव राजवाडे. महाराजांच्या बचावाला लंडनहून सार्जंट बॅलंटाइन आणले गेले, त्या काळचे उलटतपासाचे नामांकित वकील. सरकारी बाजू बरीचशी उभी होती माफीच्या साक्षीदारांवर: रेसिडेन्सीचा हवालदार राओजी, महाराजांचे खासगी चिटणीस दामोदरपंत. बॅलंटाइन यांनी त्यांना दिवसेंदिवस सोललं. स्वतः फेअरही सुटले नाहीत.

निकाल तीन विरुद्ध तीन. तिघा इंग्रजांनी आरोप सिद्ध धरला, तिघा हिंदी सभासदांनी धरला नाही.

मग सरकारनं काय करावं? एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना पदच्युत केलं, आणि जाहीरनाम्यात कारण दिलं ते विषप्रयोगाचं नाही. गैरकारभाराचं, नालायकीचं. त्यांना मद्रासला पाठवलं. १८८२ मध्ये ते तिथेच वारले. त्यांचा कारभार वाईट होता यावर फारसं दुमत नाही, आणि २७ मे १८७५ ला आधीच्या महाराजांच्या विधवा जमनाबाईंनी कवळाण्याच्या बारा वर्षांच्या गोपाळरावांना दत्तक घेतलं, सयाजीराव म्हणून, त्यामुळे बडोद्याचं जे भलं झालं ते आम्ही आजही भोगतो. ज्या न्यायमंदिरात काकांनी आणि मी दिवस काढले ते त्यांच्याच काळातलं, १८९६ चं. पण आयोगापुढे प्रश्न होता ग्लासात विष कुणी घातलं. तो प्रश्न तसाच राहिला आणि निकाल दुसऱ्याच दारानं आला. शेवट चांगला झाला म्हणून तो रेकॉर्डवर आला असं होत नाही. काका हे साठ वर्षं मनात धरून बसले होते, आणि टीव्हीवरच्या तोतयानं त्यांची तीच जखम उघडली होती.

पुढच्या महिन्यात मी मुद्दाम त्याच मालिकेतला दुसरा भाग लावला, ‘द केस ऑफ द डेडली व्हर्डिक्ट’, ऑक्टोबर १९६३ चा. तो सुरूच होतो मेसन हरल्यावर. अशील दोषी ठरलेली, देहान्ताची शिक्षा झालेली. पराभव पहिल्या मिनिटाला समोर ठेवलेला, आणि बाकीचा वेळ तो उलगडण्यात. चिठ्ठ्यांत खरा गुन्हेगार फार कुणाला सापडला नाही. तरी कुणी चिडलं नाही. मावशी म्हणाल्या, “यात लपवलं नाही, दाखवून फसवलं.” भाच्यानं ते वहीत लिहून घेतलं. काका आले नव्हते.

तिसऱ्या महिन्याला मी पडदा लावलाच नाही. आयोगापुढच्या साक्षींतले सरबताच्या सकाळचे सवाल-जवाब मराठीत करून आणले होते. भाचा काकांना हात धरून जिना चढवून घेऊन आला. दोघांत काय बोलणं झालं होतं ते मी विचारलं नाही. मी फेअर यांची साक्ष वाचली, डॉक्टरांची वाचली, राओजीचा सरतपास वाचला, आणि नेहमीप्रमाणे निकालाआधी थांबून चिठ्ठ्या वाटल्या. काकांनी चिठ्ठी परत केली. “मला माहीत आहे,” म्हणाले.

या वेळी कुणीही ‘महाराज आहेत म्हणून’ असं लिहिलं नाही. औषधाच्या दुकानदारानं सोमल किती आणि पाण्यात किती विरघळतो यावर अर्धं पान भरलं. मावशींच्या चिठ्ठीवर निकाल नव्हताच, एक प्रश्न होता: ‘फेअरनी ग्लास ठेवल्यापासून डॉक्टर येईपर्यंत तो कुणाच्या ताब्यात होता, ते आधी वाचून दाखव.’

काकांनी ती चिठ्ठी माझ्या हातातून घेतली, चष्मा वर करून दोनदा वाचली, आणि सेव-उसळीची ताटली जवळ ओढली. मी उलटतपासाचं पान उघडलं.